मागितले १००, हिशोबात आले ५४: एका जुन्या शिडाच्या बोटीची किंमत

मित्राचा फोन आला तेव्हाच आवाजावरून कळलं की हा बोटीच्या प्रेमात पडलाय आणि माझ्याकडून फक्त "घेऊन टाक" ऐकायचंय. २२ फुटी शिडाची बोट, कील, म्हणजे बोटीखालचं वजनदार पातं, वर ओढून घेता येते म्हणून ट्रेलरवर बसते, आत छोटी कॅबिन, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि मालक म्हणतोय या आठवड्यात घेतली तर काहीतरी कमी करतो. फोटो पाठवले. सगळे पाण्यावरचे, उतरतं ऊन, शीड मस्त फुगलेलं. ट्रेलरचा एकही फोटो नाही. मी पहिला प्रश्न तोच विचारला, ट्रेलर कसाय? तर म्हणतो, "अरे ट्रेलर फुकट येतोय सोबत." फुकट! म्हणजे सायकल विकत घेतली आणि चाकं फुकट मिळाली.

त्या बोटीचं पुढे काय झालं ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण जुन्या बोटीला किती द्यावेत असं विचारणारे बरेच भेटतात आणि दरवेळी "बघावं लागेल" एवढंच उत्तर देऊन माझा मलाच कंटाळा आलाय. पैशातले आकडे मुद्दाम देत नाही, ते जागेजागी आणि वर्षावर्षाला बदलतात. मालकाने मागितलेली किंमत १०० धरा आणि बाकी सगळं त्याच मापात वाचा.

आधी हा १०० आला कुठून ते. मालक साठीच्या पुढचे, बोलायला एकदम गोड, दहा मिनिटांत आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. काकांकडे एक फाईल होती, बोट घेतल्यापासूनच्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, इंजिन, गाद्या, खालचा रंग, सोलर पॅनल, जीपीएस, आणि शेवटच्या पानावर पेनाने केलेली बेरीज. ती १६० च्या आसपास जात होती. म्हणजे काकांच्या मते ते आम्हाला ६० सोडून देत होते. माणूस खोटा नव्हता आणि पावत्याही खऱ्या होत्या, पण त्या गाद्यांवर आठ वर्षं काका आणि काकू झोपलेत, ते पैसे तेव्हाच वसूल झाले, ते आता आमच्याकडून परत कसे मागणार. फाईल जरूर बघावी, पण बेरीज बघू नये, तारखा बघाव्यात. आणि त्याहून जास्त, फाईलमधे काय नाहीये ते बघावं. या फाईलमधे मास्ट, म्हणजे शिडाचा उभा खांब, धरून ठेवणाऱ्या वायरींची एकही पावती नव्हती, ट्रेलरच्या टायरचीही नव्हती. बोट तीस वर्षांच्या पुढची. मी मनातल्या मनात दोन ओळी लिहून घेतल्या.

मित्र म्हणाला, जाहिराती बघितल्यात मी, अशाच बोटी १०५, ११०, एक तर १२५ ला आहे, मग १०० स्वस्तच झाली की. इथेच घोडं पेंड खातं. जाहिरातीतला आकडा ही मालकाची इच्छा असते, त्या आकड्याला कोणी पैसे मोजलेत असं नाही. ती १२५ वाली चार महिने तशीच पडून होती, म्हणजे ती १२५ ची नाही एवढंच तिने सिद्ध केलं होतं. मी ओळखीतल्या शिडाच्या बोटी चालवणाऱ्या चारपाच जणांना फोन लावले आणि गेल्या वर्षभरात खरोखर विकल्या गेलेल्या तीन बोटी सापडल्या, जवळपास याच मापाच्या आणि वयाच्या. एक ९५ ला गेली, तिला नवी शिडं होती, वायरी बदललेल्या होत्या, पुढचं शीड गुंडाळायचा फर्लर होता. दुसरी ८८ ला, नवं काही नाही पण सगळं चालू, मालकाने आदल्या रविवारी फिरवून आणलेली. तिसरी ३५ ला. तिला ट्रेलर नव्हता. मित्राला मी ही तिसरी दोनदा वाचून दाखवली, फुकटच्या ट्रेलरची किंमत त्यात लिहिलेली होती.

तर तयार बोटीचा भाव मी ९२ धरला. तयार म्हणजे काय, तर आज ट्रेलर गाडीला लावला, पाण्यावर नेला, मास्ट उभा केला, फिरून संध्याकाळी परत आणली आणि वाटेत काही तुटलं नाही. हा वरचा आकडा. आपल्या समोरची बोट तिथपर्यंत न्यायला जे लागेल ते यातून वजा करायचं. एवढीच पद्धत आहे, बाकी सगळी मेहनत त्या वजाबाकीत.

वयाबद्दल एक गोष्ट मधेच सांगतो. मित्र सारखा विचारत होता की तीस वर्षं जुनी म्हणजे अजून कमी व्हायला पाहिजे ना. नाही. गाडीचं गणित इथे लागू होत नाही. फायबरग्लास कुजत नाही, गंजत नाही, त्यामुळे १९६० आणि ७० च्या दशकात साच्यातून धडाधड निघालेल्या बोटी अजून जिवंत आहेत. याच जातीतली सगळ्यांना माहीत असलेली कॅटालिना २२ घ्या, फ्रँक बटलर यांचं डिझाईन, १९६९ ला आली आणि १५,००० च्या वर बनली. कील वर घेतली की साधारण दोन फूट पाणी पुरतं, खाली सोडली की पाच फूट लागतं, आणि ती बिडाची कील एकटीच अडीचशे किलोच्या घरातली. अशी चिकार बनलेली बोट असली की सुटे भाग मिळतात, भावाची तुलना करायला दुसऱ्या बोटी मिळतात, आणि विकायची वेळ आली तर घेणारे मिळतात. आपली बोट या मॉडेलची नव्हती पण घडण तीच. तर वीस वर्षांनंतर कुठल्या साली बनली याला फारसा अर्थ राहत नाही, कोणी कशी ठेवली त्याला राहतो. आणि एवढ्या बोटी जिवंत असल्यामुळे नुसत्या हलला, म्हणजे रिकाम्या अंगाला, जवळजवळ काहीच किंमत नसते, उलट टाकून द्यायची झाली तर पैसे मोजावे लागतात. किंमत असते ती तिच्यावर लागलेल्या सामानाला. हे ऐकायला विचित्र वाटतं पण पुढे याचाच उपयोग झाला.

बघायला गेलो तेव्हा मित्र सरळ कॅबिनमधे शिरला आणि मी ट्रेलरखाली. काका हसले, म्हणाले बोट वर आहे. टायरवर नक्षी अगदी कोरी, पण टायरच्या बाजूला, जिथे तो वाकतो तिथे, केसासारख्या भेगा. टायरच्या अंगावर एक चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, त्यावरून तो कधी बनला ते कळतं. यांचे टायर बारा वर्षांचे होते. बोटीच्या ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. मग जॅक लावून एकेक चाक उचललं, वरखाली धरून हलवलं, फिरवून कान लावला. डाव्या चाकाला हलकी खरखर. चाकाच्या मधली टोपी काढली तर आतलं ग्रीस दुधाळ झालेलं, म्हणजे आत पाणी गेलंय. याचं कारण साधं आहे, लांबून ओढत आणलेल्या ट्रेलरचा हब, म्हणजे चाकाच्या मधला बेअरिंगचा भाग, तापलेला असतो, तो तसाच गार पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. म्हणून जाणकार लोक पाण्यापाशी पोचल्यावर आधी अर्धा तास मास्ट उभा करत बसतात, तेवढ्यात हब निवतो. मी स्वतः पहिल्या बोटीच्या वेळी यातलं काहीच बघितलं नव्हतं आणि भर रस्त्यात माझ्याच ट्रेलरचं चाक मला ओव्हरटेक करून पुढे गेलेलं मी बघितलंय, त्यामुळे मी आधी ट्रेलरखाली शिरतो, कोणी हसू दे नाहीतर रडू दे. टायर, बेअरिंग, दिव्यांची वायरिंग, बोट टेकते ती एक कुजलेली फळी, सगळं मिळून ७ लिहिले.

मग डेक, म्हणजे आपण उभे राहतो तो बोटीचा वरचा भाग. या बोटींचा डेक सँडविच असतो, वर खाली फायबरग्लासचा पातळ थर आणि मधे प्लायवूड नाहीतर बाल्सा लाकूड. फायबरग्लास कुजत नाही पण मधलं लाकूड कुजतं, आणि पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकांतून. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीने मी डेकभर ठोकत गेलो. कोरड्या जागी टक टक टक असा कडक आवाज येतो, ओल्या जागी तोच आवाज भद् होतो, एकदा कान बसला की चुकत नाही. सगळीकडे टक टक आणि मास्टच्या पायाभोवती ताटलीएवढ्या जागेत भद् भद्. पेन्सिलने कडा आखून घेतली. मास्टचा सगळा दाब तिथेच खाली येतो, म्हणजे टाळून चालणारी जागा नाही. वरचा थर कापायचा, कुजलेलं लाकूड काढायचं, नवं इपॉक्सीत बसवायचं. मित्र हाताने काम करणारा आहे म्हणून नुसत्या सामानाचे ४ धरले, कारागिराकडून करून घेणाऱ्याने याचे तिप्पट सहज धरावेत.

वायरींचं थोडक्यात सांगतो. मास्टला बाजूने आणि पुढून मागून धरणाऱ्या स्टीलच्या वायरी दहा ते पंधरा वर्षांत बदलायच्या असतात, आणि बदलल्याची पावती नसेल तर बदललेल्या नाहीत असंच समजायचं. जिथे वायर टोकाच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे भिंगाने बघितलं तर एका नळीवर बारीक उभी चीर दिसली. एक वायर सुटली की अख्खा मास्ट आडवा, आणि खाली माणसं बसलेली असतात. घासाघीस करायची ही जागाच नाही, सगळ्या बदलायच्या, १०.

कील फिरते त्या पिनेला खेळ होता, कील ओढायच्या वायरचे दोन धागे तुटून हाताला टोचत होते. पिन, बुश आणि वायर मिळून ३. दोऱ्या आणि विजेचं पॅनल २. इंजिनची सर्व्हिस, पाण्याचा इम्पेलर, गिअर ऑइल, १.

इंजिनवर जरा थांबतो कारण काकांचा सगळा भर त्याच्यावर होता. तीन वर्षांचं फोरस्ट्रोक, खरंच छान. आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवू नका असं फोनवर मुद्दाम सांगितलं होतं, गेल्या गेल्या हात लावून बघितलं, गार होतं. दुसऱ्या ओढीला सुरू झालं, मागच्या बारीक नळीतून पाण्याची धार जोरात आली. पण ९.९ आहे म्हणून बोट जास्त पळेल हे जे काका सांगत होते ते खरं नाही. असल्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. ती लांबी फुटात घ्यायची, वर्गमूळ काढायचं, १.३४ ने गुणायचं, की नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल, मिळतात. इथे ती १९ फूट, म्हणजे ५.८ नॉट. तिथपर्यंत न्यायला ५ चं इंजिन पुरतं, त्यावर कितीही जोर लावला तरी बोट मागे बसते आणि लाटा करते, पुढे जात नाही. शिवाय मोठ्या इंजिनचं चाळीस किलोच्या वरचं वजन कायम मागच्या टोकाला लटकलेलं. म्हणजे बोटीसाठी त्या इंजिनची किंमत ५ च्या इंजिनएवढीच, पण बोटीवरून काढून वेगळं विकलं तर ते २५ ला हातोहात गेलं असतं. हा आकडा लक्षात ठेवा.

कागदपत्रं पटकन बघितली. बोटीचा वेगळा, ट्रेलरचा वेगळा, आणि बोटीच्या मागच्या पाटीवर उजव्या कोपऱ्यात कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का ते अक्षर न अक्षर. अमेरिकेत बनलेल्या बोटींवर नोव्हेंबर १९७२ पासून असा १२ अक्षरांचा नंबर असतो, १९८४ पासूनच्या बोटींवर शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. जुळला. ट्रेलरचे कागद नसते तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

राहिली शिडं. पुढची दोन चांगली होती. मेनसेल, म्हणजे मास्टच्या मागचं मुख्य शीड, गवतावर पसरलं तर बुरशीचे डाग, शीड ताठ ठेवणाऱ्या दोन पट्ट्या गायब, आणि पुढच्या कडेला, जी मास्टला लागते, तिथे सगळं कापड चुण्या चुण्या होऊन मधे पिशवीसारखं लोंबतंय. मी एका नजरेत निकाल लावला, हे मेलं. नवं मेनसेल ११.

बेरीज ३८. ९२ मधून ३८ गेले, राहिले ५४.

मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, काकांना ५४ सांगायचे? ते हाकलून देतील. मी म्हणलं अजून एक हिशोब बघ, खालून. समज काकांनी बोट फोडून विकली. इंजिन २५, ट्रेलर आहे तसा ८, मास्ट, शिडं, विंच वगैरे ७, झाले ४०. अंगाचे शून्य, खरं तर उणे. म्हणजे ४० च्या खाली काका कधीच येणार नाहीत, यायलाही नको, आणि ५४ च्या वर आपण जायला कारण नाही. सौदा या दोनाच्या मधे कुठेतरी आहे. ५० पासून सुरुवात करायची ठरली.

काकांनी हाकलून दिलं नाही, पण फाईल बंद केली. मी कागदावरची यादी त्यांना वाचून दाखवली, टायरवरचा नंबर दाखवला, मास्टच्या पायाशी त्यांच्याच हाताने ठोकून बघायला लावलं. भद् आवाज आल्यावर त्यांनी परत ठोकलं, मग बाजूला ठोकलं, मग परत तिथेच. ते ८५ वर आले. आम्ही जागचे हललो नाही. चहापाणी झालं, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मग काका म्हणाले, "असं करा, इंजिन मी ठेवतो, बाकी बोट ट्रेलरसकट ४० ला घेऊन जा."

मित्राने टेबलाखालून माझा पाय दाबला. १०० ची वस्तू ४० ला! मी त्याला बाहेर घेऊन आलो. अरे, इंजिन काढलं तर ५४ मधले २५ गेले, राहिले २९. २९ च्या वस्तूचे तो ४० मागतोय. वर तुला इंजिन तर लागणारच, वाऱ्यावर विसंबून धक्क्याला लागता येत नाही, तुला तर नाहीच. चांगलं वापरलेलं ५ चं इंजिन १५ च्या खाली मिळत नाही. ४० आणि १५ किती झाले? म्हणजे ५४ च्या वर जायचं नाही असं ठरलंय आणि तू ५५ ला उडी मारतोयस, तेही लहान इंजिन घेऊन. काकांनी हे मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही, त्यांना फक्त इंजिन म्हणजेच बोट असं वाटत होतं आणि एका अर्थी ते बरोबरच होते.

आत येऊन मी म्हणलं, काका, एकदा पाण्यावर नेऊन बघू, मग शेवटचं बोलू. शिडाच्या बोटीला शीड लावून बघितल्याशिवाय कोणी आकडा सांगितला तर तो अर्धाच खरा. तीन दिवसांनी गेलो. जुने टायर म्हणून काकांनी ट्रेलर हळूहळू आणला, वाटेत वजनकाट्यावर थांबून अख्खं वजन केलं. बोटीचं कंपनीने दिलेलं कोरडं वजन, ट्रेलरचं वजन, इंजिन, नांगर, सामान सगळं धरूनही ६० किलो जास्त निघाले. तळाचं पाणी उपसलं तर तीन बादल्या निघाल्या, म्हणजे निम्म्याहून जास्तीचा हिशोब लागला. बाकीचे डेकच्या लाकडात असणार. याच वेळी दोनशे तीनशे किलो जास्त निघाले असते तर बोटीच्या पोटात कुठेतरी बरंच पाणी मुरलंय असं समजून मी सौदा तिथेच सोडला असता.

वारा आठदहा नॉट, अगदी हवा तसा. मेनसेल वर चढवलं आणि मी बघतच बसलो. दोर कितीही ओढला तरी पुढच्या कडेच्या चुण्या जात नव्हत्या, पण कडेच्या आत शिवलेला जो जाड दोर असतो, बोल्ट रोप, तो मात्र ताठ ताणलेला. दोर ताठ आणि कापड सैल. कापडाचा दोष नव्हताच, दोर आखडला होता! जुन्या शिडात हे होतं, दोर वर्षानुवर्षं आकसत जातो आणि कापडाला जवळ ओढतो, मग चांगलं शीडही पोट सुटल्यासारखं दिसतं. किनाऱ्याला आलो, काकांना विचारून खालच्या कोपऱ्यातले हाताने घातलेले टाके मी चाकूच्या टोकाने उसवले. कापड हातात धरून ओढलं तसा दोर आत सरकला, चार बोटं तरी. परत चढवलं तर चुण्या गायब, फुगवटा मागून पुढे सरकून मधल्याच्या जरा अलीकडे आला, जिथे असायला पाहिजे तिथेच. अंगठ्याच्या नखाने शिलाई खरवडून बघितली, मागच्या कडेचा दोरा उन्हाने गेलेला होता, सटासट तुटला. तेवढं परत शिवायचं, दोन पट्ट्या घालायच्या, धुवायचं. ११ चे झाले ३.

म्हणजे मी चुकलो होतो, ८ ने. मित्र कानाशी येऊन पुटपुटला, "काकांना बोलू नको." पण काका सुकाणूवर माझ्यासमोर बसले होते आणि गेली कित्येक वर्षं त्याच शिडाखाली बोट चालवत होते. आधीच्या फेरीत बोट वाऱ्याच्या दिशेला जेमतेम वर चढत होती, आता बऱ्यापैकी चढायला लागली, त्यांच्या हातालाच ते कळलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही रे." मग लपवायला राहिलंच काय. मी यादी काढली, ११ खोडून ३ लिहिले, खाली ५४ खोडून ६२ लिहिले आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्या एका खोडण्याने काम झालं असं मला वाटतं. तोपर्यंत ती आमची यादी होती, त्यानंतर दोघांची झाली. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारलं आणि वायरींवर थोडा वाद घातला, १० कशाला, ज्या चांगल्या दिसतात त्या ठेवा. मी नाही म्हणलं. त्यांनी ६५ मागितले, मित्राने ६२ वरून ६३ केले आणि नांगर, त्याची साखळी, चार लाईफ जॅकेट बोटीतच ठेवायची असं ठरलं. जीपीएस काकांनी काढून घेतलं. तसंही ते त्याच्यासोबत आलेल्या नकाशांइतकंच जुनं होतं.

आता खरा खर्च, कारण अंदाज सगळेच सांगतात, नंतर काय झालं ते कोणी सांगत नाही. वायरी ८ मधे झाल्या, एका टोकाला दाबलेली नळी आणि दुसऱ्या टोकाला हाताने बसवायची अशी युक्ती केली. शीड ३, कील ३, इंजिन १, बरोबर. डेकला ४ चे ६ लागले, वरचा थर कापल्यावर कळलं की कूज पेन्सिलच्या रेषेच्या बाहेर वीतभर गेली होती, ठोकून ऐकू येते त्याहून ती नेहमीच मोठी निघते हे मला माहीत असून मी धरलं नव्हतं. दोऱ्या, पॅनल आणि किरकोळ २ चे ४. आणि ट्रेलर. ७ चे १२. बेअरिंग काढलं तर आतला अॅक्सलचा दांडाच गंजून खड्डे पडलेला, त्यावर नवं बेअरिंग बसवून उपयोग नव्हता, अख्खा अॅक्सल बदलावा लागला. टोपी उघडून दुधाळ ग्रीस बघितलं तेव्हाच चाक पूर्ण काढून बघायला हवं होतं, काकांनी नाही म्हणलं नसतं. मी आळस केला.

एकूण ३७. आधीच्या दुरुस्त अंदाजापेक्षा ७ जास्त. ६३ आणि ३७.

मित्राने ही बेरीज केली आणि मला फोन करून इतका वेळ हसत होता की मला वाटलं काहीतरी बुडलं. बरोबर १०० झाले होते. म्हणाला, काकांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते की! मी म्हणलं, हो, पण त्या दिवशी दिले असतेस तर आज १३७ झाले असते. आणि ९२ ची तयार बोट समोर आली असती तर तीच घ्यायला हवी होती हेही खरं, ती आली नाही, तीन महिन्यांत एकही आली नाही.

काका अजून फोन करतात. बोटीची चौकशी नंतर करतात, आधी विचारतात, नवीन अॅक्सलचे हब पाण्यात उतरवायच्या आधी निवू देतोस ना.